व्हिएतनाममधला पिकलबॉल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२४ मध्ये पाच लाखांच्या आसपास भारतीय व्हिएतनामला जाऊन आले. त्यांत मराठी पर्यटक भरपूर होते, आणि कामानिमित्त तिकडे राहणारी मंडळीही आता बरीच आहेत. कु ची भुयारे आणि हा लाँग बे यांच्याबद्दल सगळीकडे वाचायला मिळते. पण "रात्री अकरा वाजता हॉटेलमागे कोण टॉक-टॉक करत होतं?" हा प्रश्न हल्ली जास्त येतो. त्याचे आणि त्याच्यासोबत येणाऱ्या बाकीच्या प्रश्नांचे उत्तर इथे आहे.

पिकलबॉल म्हणजे नेमका कोणता खेळ?

बॅडमिंटनच्या दुहेरी कोर्टाएवढ्या जागेत, म्हणजे २० बाय ४४ फुटांत, टेनिससारखे नेट लावून, टेबल टेनिसच्या रॅकेटपेक्षा मोठ्या पॅडलने, भोके असलेल्या प्लॅस्टिकच्या चेंडूने खेळायचा खेळ. नेट मधोमध ३४ इंच आणि कडेला ३६ इंच. चेंडूचे वजन जेमतेम २५ ग्रॅम, त्यामुळे तो टेनिसच्या चेंडूसारखा अंगावर सुसाट येत नाही.

सर्व्हिस कमरेखालून आणि तिरकी. सर्व्हिस परतवताना आणि त्यानंतरच्या फटक्याला, दोन्ही वेळा, चेंडूला टप्पा पडू द्यावाच लागतो. नेटच्या दोन्ही बाजूंना सात-सात फुटांचा पट्टा असतो, त्याला 'किचन' म्हणतात. त्यात उभे राहून चेंडू हवेतल्या हवेत मारता येत नाही. या एका नियमामुळे उंच, ताकदवान माणसाला नेटपाशी उभे राहून सगळ्यांना झोडपता येत नाही, आणि साठीची बाई पंचविशीच्या मुलाला हरवू शकते. गेम साधारण ११ गुणांचा, दोनच्या फरकाने जिंकायचा.

खेळ जन्मला १९६५ मध्ये, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर. जोएल प्रिचर्ड, बिल बेल आणि बार्नी मॅककॅलम या तिघांची नावे त्याच्याशी जोडलेली आहेत.

व्हिएतनाममध्ये तो कधी आला?

२०१८ च्या सुमारास. परदेशात वाढलेले व्हिएतनामी आणि तिथे राहणारे विदेशी, अशा मोजक्या लोकांपुरता तो होता. पुढची पाच वर्षे कुणाचे लक्ष गेले नाही. खरा भडका उडाला २०२३ च्या अखेरीपासून. २०२४ मध्ये तर हो ची मिन्ह सिटी, हनोई आणि दा नांग इथे नवे कोर्ट उघडणे ही रोजची गोष्ट झाली. मग ते लोण प्रांतांतल्या छोट्या शहरांतही गेले.

पण इतक्या झपाट्याने का? अमेरिकेचे अनुकरण म्हणायचे का?

अनुकरण आहेच, पण तेवढ्याने कोर्ट बांधले जात नाहीत. माझ्या मते याचे मुख्य कारण जमीन.

२०२२ च्या अखेरीस व्हिएतनामच्या बांधकाम क्षेत्राचे कंबरडे मोडले. रोख्यांचे घोटाळे बाहेर आले. वान थिन्ह फात या बड्या समूहाच्या प्रमुख त्रुओंग मी लान यांना त्या ऑक्टोबरमध्ये अटक झाली. बँकांनी हात आखडते घेतले. शहरांत मोक्याच्या जागी पत्रे ठोकून ठेवलेले रिकामे प्लॉट पडून राहिले. मालकाला इमारत बांधता येत नाही, विकायला गेला तर भाव नाही. अशा वेळी कुणी येऊन म्हणाले, "तीन-चार वर्षांसाठी भाड्याने द्या, पाया खणायचा नाही, वर काही बांधायचं नाही," तर कोण नाही म्हणेल? काँक्रीटचा थर, त्यावर निळा-हिरवा अ‍ॅक्रिलिक रंग, भोवती जाळी, खांबांवर एलईडी दिवे. काही आठवड्यांत कोर्ट तयार. पुढे बांधकामाचे दिवस पालटले तर उखडून टाकायलाही सोपे.

दुसरीकडे टेनिस कोर्टचे मालक बसून होते. एका टेनिस कोर्टच्या आवारात, कडेच्या मोकळ्या जागेसकट, चार पिकलबॉल कोर्ट बसतात. म्हणजे जिथे दुहेरीचे चार जण खेळायचे तिथे सोळा जण. हा हिशेब समजायला व्यवस्थापनाची पदवी लागत नाही.

तिसरी गोष्ट हाताची. व्हिएतनाममध्ये गल्लीबोळांत बॅडमिंटन चालते. न्ग्युएन तिएन मिन्ह याने २०१३ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले तेव्हापासून तर त्याला मोठी प्रतिष्ठा आली. टेबल टेनिस आहे, पायाने पिसांचे फूल उडवण्याचा दा काऊ आहे. पहाटे पाचला बागा माणसांनी भरलेल्या असतात. अशा लोकांच्या हातात पॅडल दिले की अर्ध्या तासात चेंडू नेटपलीकडे जातो. टेनिसमध्ये तेवढ्याला दोन महिने जातात.

आणि चौथी, दिखाव्याची. टेनिस हा तिथे साहेबांचा आणि धंदेवाल्यांचा खेळ होता. पिकलबॉलने तो पोशाख, ते बूट, ती पांढरी टोपी स्वस्तात मिळवून दिली. गायक, नट, सौंदर्यवती कोर्टवर दिसू लागल्या, टिकटॉकवर चित्रफिती फिरू लागल्या. यात नाक मुरडण्यासारखे काही नाही. फोटोसाठी आलेली माणसेही दोन तास पळतातच.

मी एकटाच गेलो, ओळखीचे कुणी नाही. खेळायला मिळेल?

मिळेल, आणि व्हिएतनामी पिकलबॉलची सर्वांत चांगली गोष्ट हीच आहे.

तिथे 'से वे' नावाची पद्धत आहे. शब्दशः तिकीट फाडणे. कोर्टवाला किंवा एखादा गट दोन-तीन तासांसाठी काही कोर्ट घेऊन ठेवतो आणि एकेका माणसाची जागा विकतो. तुम्ही फेसबुक किंवा 'झालो' (Zalo) या तिथल्या मेसेजिंग अ‍ॅपवरच्या गटात नाव द्यायचे, पैसे भरायचे आणि जाऊन उभे राहायचे. पॅडल ओळीत लावून ठेवायचे. पाळी आली की शेजारच्या तीन अनोळखी माणसांबरोबर एक गेम. हरलात की बाहेर, पुन्हा रांगेत. काही ठिकाणी जिंकणारी जोडी कोर्टवर राहते, काही ठिकाणी चौघेही बदलतात.

यामुळे काय होते बघा. टेनिसला तुमच्या तोडीचा एक माणूस, तुमच्या वेळेला, रोज शोधावा लागतो. क्रिकेटला बावीस लागतात आणि अकरा ऐनवेळी टांग देतात. इथे कुणालाच फोन करावा लागत नाही. नोकरीसाठी गावाहून सायगावला, म्हणजे हो ची मिन्ह सिटीला, आलेली, खोलीत एकटी राहणारी तरुण मुले-मुली मोठ्या संख्येने या गटांत असतात. शहरात ओळखी करून घेण्याचे त्यांचे हे ठिकाण झाले आहे. लग्ने जुळल्याचेही ऐकिवात येते, आणि मोडल्याचेही. व्हिएतनामी समाजमाध्यमांवर या विषयावर विनोदांचा सुकाळ आहे.

पूर्ण कोर्ट हवे असेल तर आलोबोसारख्या बुकिंग अ‍ॅपवर रिकामे तास दिसतात. पण पर्यटकाने 'से वे'च करावे.

खर्च किती येतो?

एका रुपयाला साधारण तीनशे डाँग हे गणित डोक्यात ठेवा, म्हणजे लाखांचे आकडे ऐकून घाबरायला होणार नाही. मोठ्या शहरांत कोर्टचे भाडे तासाला साधारण एक लाख ते अडीच लाख डाँग, म्हणजे तीनशे ते आठशे रुपये. दुपारी स्वस्त, संध्याकाळी पाच ते रात्री नऊ महाग. छत असलेले कोर्ट उघड्यापेक्षा महाग. 'से वे'ची एक जागा याहून बरीच स्वस्त पडते आणि त्यात चेंडू बहुधा धरलेले असतात. पॅडल भाड्याने मिळते. बर्फ घातलेला पातळ चहा अनेक ठिकाणी फुकट असतो, आणि बाहेर उसाच्या रसाची गाडी असतेच. तिथे रसात आल्या-लिंबाऐवजी कुमक्वात नावाचे छोटे आंबट फळ पिळतात. चांगले लागते.

"तुमची लेव्हल काय?" असे विचारतात. काय सांगायचे?

हा तिथला सर्वांत नाजूक प्रश्न आहे.

खेळाडूंना २ ते ८ या पट्टीवर अंक देणारी ड्युपर नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. व्हिएतनाममध्ये गटांतल्या जाहिरातींतच लिहिलेले असते: आज २.५ ते ३ वाल्यांसाठी, आज ३.५ च्या वरच्यांसाठी. नवखा माणूस २ किंवा २.५, सर्व्हिस चुकत नाही आणि किचनपाशी चार फटके टिकवता येतात तो ३ च्या आसपास. त्यापुढे खरेच खेळता येत असेल तरच बोला.

हौशी स्पर्धांमध्ये जोडीच्या अंकांची बेरीज ठरलेली असते. समजा बेरीज ६ च्या आत हवी. मग काय होणार ते मराठी माणसाला सांगायला नको. वयचोरीच्या स्पर्धा पाहतच आपण मोठे झालो. चांगला खेळणारा आपला अंक मुद्दाम खाली ठेवतो, कमी दर्जाच्या गटात उतरतो आणि बक्षीस घेऊन जातो. मग जुन्या चित्रफिती बाहेर काढल्या जातात, आयोजकांवर आरोप होतात, गटांत दोन-दोन दिवस भांडणे चालतात. बक्षिसाची रक्कम जितकी मोठी, तितका अंक छोटा.

तुम्ही मात्र पाहुणे आहात. अर्धा अंक कमीच सांगा. कमी सांगून बरे खेळलात तर कौतुक होते, जास्त सांगून चेंडू नेटमध्ये घातलात तर जोडीदार हसतो, पण पुढच्या वेळी तुमच्या शेजारी पॅडल ठेवत नाही.

टेनिसचे काय झाले? ते लोक चिडले असतील.

चिडले, आणि मग बरेचसे आलेही.

सर्वांत गाजलेले नाव ली होआंग नाम. व्हिएतनामचा आजवरचा सर्वांत मोठा टेनिसपटू. २०१५ मध्ये विम्बल्डनच्या मुलांच्या दुहेरीत तो जिंकला तेव्हा त्याचा जोडीदार होता आपला सुमित नागल. पुढे २०१९ च्या दक्षिण-पूर्व आशियाई क्रीडास्पर्धेत त्याने एकेरीचे सुवर्ण मिळवले. व्हिएतनामी टेनिससाठी ते पहिलेच. २०२२ मध्ये हनोईच्या स्पर्धेत ते राखलेही. टेनिस जगतात पहिल्या अडीचशेत शिरलेला हा माणूस २०२४-२५ च्या सुमारास टेनिस बाजूला ठेवून पिकलबॉलकडे वळला. त्याच्या मागोमाग राष्ट्रीय संघातला त्रिन्ह लिन्ह जांग आणि इतर काही जण.

हे कशामुळे झाले असेल ते टेनिसचा हिशेब माहीत असणाऱ्याला कळते. जगात दोनशेतिसावा असलेला टेनिसपटू वर्षभर स्वतःच्या खर्चाने देशोदेशी फिरतो आणि जेमतेम खर्च भागवतो. पिकलबॉलमध्ये तोच माणूस आशियातल्या पहिल्या फळीत, घराजवळ स्पर्धा, प्रायोजक दारात. नागल टेनिसमध्ये राहिला, नाम निघून गेला. दोघांपैकी कुणी शहाणपणा केला हे ठरवायला अजून वेळ आहे, पण नामला दोष देणे मला जमत नाही. नुकसान झाले ते व्हिएतनामी टेनिसचे. एका पिढीत एकच असा खेळाडू तयार झाला होता.

मोठ्या स्पर्धा होतात का?

होतात. अमेरिकेतल्या पीपीए टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेने आशियासाठी पीपीए टूर एशिया ही वेगळी मालिका सुरू केली आणि २०२५ मध्ये दा नांगमध्ये तिची स्पर्धा झाली. दा नांगने हा खेळ पर्यटनाशी जोडण्याचे चांगलेच मनावर घेतले आहे: समुद्रकिनारा, विमानतळ शहरातच, हॉटेले भरपूर. अमेरिकेत नाव कमावलेला व्हिएतनामी वंशाचा तरुण क्वांग दुओंग हाही तिथल्या चाहत्यांचा लाडका.

रात्रीचा तो आवाज. लोक तक्रार करत नाहीत?

करतात, आणि त्यांचे बरोबर आहे.

कडक पॅडलवर कडक प्लॅस्टिकचा चेंडू आपटतो तेव्हा होणारा आवाज टेनिसच्या 'थप्प'सारखा नसतो. तो तीक्ष्ण असतो, साधारण हजार-बाराशे हर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे कानाला जिथे जास्त टोचते त्याच पट्ट्यातला. शंभर फुटांवर तो ७० डेसिबलच्या आसपास भरतो. शिवाय त्याला लय नसते. पंखा, रहदारी, पाऊस यांची सवय होते, टॉक... टॉकटॉक... टॉक याची होत नाही, कारण पुढचा कधी येणार ते मेंदूला कळत नाही. त्यात सोळा जणांचा ओरडा, टाळ्या, आणि रात्री उशिरा निघणाऱ्या मोटरसायकली.

व्हिएतनामी शहरांची घरे आठवा: चार मीटर रुंद, चार-पाच मजली, भिंतीला भिंत लागून. त्या ओळीतला मधला प्लॉट रिकामा होता, तिथे आता पहाटे पाच ते रात्री अकरा कोर्ट चालते. दोन्ही बाजूंच्या खिडक्यांनी जायचे कुठे?

नियम आहेत. सामान्य वस्तीत सकाळी सहा ते रात्री नऊ ७० डेसिबल आणि रात्री नऊ ते सकाळी सहा ५५ डेसिबल ही राष्ट्रीय मर्यादा २०१० मध्ये ठरली. रुग्णालये, शाळा यांच्याजवळ ती ५५ आणि ४५. मर्यादा ओलांडली तर दंड दहा लाख डाँगपासून सोळा कोटी डाँगपर्यंत जाऊ शकतो. रात्री दहानंतर वस्तीत गोंगाट केल्यास वेगळा दंड, तो मात्र २०२५ मध्ये पाच ते दहा लाख डाँग, म्हणजे दोन-तीन हजार रुपये होता. कोर्टवाला एका संध्याकाळी त्याहून जास्त कमावतो. आणि मोठ्या दंडासाठी यंत्र लावून, रीतसर मोजून, पंचनामा व्हावा लागतो. माणसे येईपर्यंत गेम संपलेला असतो. हो ची मिन्ह सिटीतले लोक १०२२ या शहराच्या तक्रार क्रमांकावर फोन करतात. काही कोर्ट रात्री नऊ-दहाला बंद करायला लावले गेले, काहींनी आवाज अडवणारे पडदे लावले, काहींनी मऊ चेंडू ठेवले. मऊ चेंडू खेळाडूंना आवडत नाहीत, हेही खरे.

आपल्याकडे गणपती-नवरात्रात डेसिबलच्या बातम्या वाचलेल्या माणसाला यात नवीन काही वाटणार नाही. फरक इतकाच की सण दहा दिवसांत संपतो.

शेतजमिनीवर कोर्ट बांधल्याच्या बातम्या खऱ्या का?

खऱ्या. शहरांच्या कडेला शेतीची म्हणून नोंद असलेल्या जमिनीवर वापर न बदलता कोर्ट उभे राहिले, प्रशासनाने दंड केले, काही ठिकाणी पाडायला लावले. व्हिएतनाममध्ये जमीन कायद्याने सर्व जनतेच्या मालकीची; तुमच्याकडे असतो तो वापराचा हक्क, आणि कशासाठी वापरायची ते कागदावर लिहिलेले असते. नवा जमीन कायदा १ ऑगस्ट २०२४ पासून लागू झाला. "तात्पुरतं आहे, वर काही बांधलेलं नाही" ही पळवाट अनेकांनी वापरून पाहिली. काँक्रीट ओतले की ती चालत नाही.

सरकारी नोकरांवर कारवाई झाली म्हणे?

कामाच्या वेळेत कोर्टवर सापडल्याबद्दल, हो. चित्रफिती फिरल्या, काही स्थानिक प्रशासनांना लेखी ताकीद काढावी लागली. दुपारी तीन वाजता भाडे स्वस्त असते हे त्यांच्याही लक्षात आले असावे.

पैज लावून खेळतात का?

चहा-नाश्त्याची, कोर्टच्या भाड्याची पैज सर्रास असते. त्यापुढे जाऊ नका. व्हिएतनाममध्ये पन्नास लाख डाँगपासून वरचा, म्हणजे साधारण सतरा हजार रुपयांचा जुगार फौजदारी गुन्हा आहे, आणि परदेशी माणसाला "मला माहीत नव्हतं" म्हणून सुटता येत नाही.

हा फुगा फुटणार का?

काही प्रमाणात फुटला आहे. २०२५ मध्ये एकाच रस्त्यावर तीन-तीन कोर्ट झाली, भाडी खाली आली, 'चालू कोर्ट देणे आहे' अशा जाहिराती दिसू लागल्या. उशिरा आलेल्या गुंतवणूकदारांनी हात पोळून घेतले. जमीनमालकांनी आधी भाडी वाढवून ठेवली होती, ती उतरायला तयार नाहीत.

पण कोर्टचा धंदा आणि खेळ यांत गल्लत करू नये. पीपीए टूर एशिया या मालिकेमागची संस्था आणि युगव्ह ही सर्वेक्षण कंपनी यांनी २०२५ मध्ये आशियातल्या बारा बाजारांचे सर्वेक्षण प्रसिद्ध करून ८१ कोटींहून अधिक लोकांनी एकदा तरी पिकलबॉल खेळला असे जाहीर केले. असे आकडे मी जरा जपूनच घेतो. ज्याला माल विकायचा आहे त्याने केलेली ती मोजणी. मला जास्त भरवसा वाटतो तो 'से वे'वर. जिथे भाडे भरणारा एक माणूस गेला तरी त्याची जागा अनोळखी माणूस घेतो, तिथे खेळ टिकतो. जिथे एका कंपनीचा किंवा एका टोळक्याचा गट कोर्ट अडवून ठेवतो, तिथे तो गट पांगला की कोर्ट रिकामे.

खरी अडचण पुढे येईल ती बांधकाम सावरल्यावर. मोक्याचे प्लॉट मालकांना परत हवे असतील. तेव्हा शहराच्या मध्यात उरतील ती सार्वजनिक मैदानांतली, शाळांतली आणि जुन्या टेनिस क्लबांतली कोर्ट. बाकीची कडेला जातील. व्हिएतनामच्या शहरांत मोकळ्या मैदानांची वानवा आहे आणि पालिकांनी या लाटेत स्वतःची कोर्ट फारशी बांधली नाहीत. खासगी पैशावर सगळे सोडून दिले. ही संधी गेली असे मला वाटते.

पन्नाशीत खेळले तर चालेल? गुडघे?

चालेल, पण खेळ सोपा दिसतो म्हणून लोक थेट कोर्टवर उतरतात आणि तिथेच फसतात. सर्वाधिक त्रास घोट्याला, पोटरीला, टाचेमागच्या शिरेला आणि कोपराला. उंच चेंडूसाठी उलटे मागे पळत जाऊ नका. पडून मनगट मोडण्याचा तो हमखास मार्ग. वळून पळा. धावण्याचे बूट घालू नका, त्यांचा तळ बाजूला सरकताना घोटा मुरगळू देतो. कोर्टचे बूट घ्या. किचनपाशी उभे राहणार असाल तर डोळ्यांना संरक्षक चष्मा बरा. रक्तदाब किंवा हृदयाचे औषध चालू असेल तर दमट हवेत सलग पाच गेम खेळायच्या फंदात पडू नका.

हवामान कसे असते?

दक्षिणेत बारमाही उष्ण. मार्च ते मे अंगाची लाही, मे ते नोव्हेंबर पाऊस. तो दुपारनंतर तासभर कोसळतो आणि थांबतो, पण ओले अ‍ॅक्रिलिक घसरते. त्या महिन्यांत छताखालचे कोर्ट घ्या. हनोईत हिवाळा खरोखर थंड असतो, मात्र डिसेंबर-जानेवारीत हवा इतकी खराब असते की बाहेर धावण्याआधी प्रदूषणाचा आकडा पाहावा. दा नांगला सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर वादळांचा काळ.

पॅडल तिथे घ्यावे का?

घ्या, पण दुकानातून. नामांकित परदेशी पॅडलची अस्सल किंमत साठ लाख डाँगच्या वर जाते. तेच रस्त्यावर सहा लाखांत मिळत असेल तर ते काय आहे हे सांगायला नको. त्यापेक्षा फाकोलोस, कामितो असे व्हिएतनामी ब्रँड बघा.

महाराष्ट्राचा या खेळाशी काही संबंध?

चांगलाच आहे. भारतात पिकलबॉल आणला तो मुंबईच्या सुनील वालावलकर यांनी. १९९९ मध्ये कॅनडात त्यांनी हा खेळ पाहिला, २००६ च्या सुमारास इथे शिकवायला सुरुवात केली आणि २००८ मध्ये अखिल भारतीय संघटना उभी केली. म्हणजे व्हिएतनामच्या दहा वर्षे आधी. तरी तिथे लाट आधी उसळली आणि इथे उशिरा. २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियावर वर्ल्ड पिकलबॉल लीग झाली, पुण्याचा संघ अंतिम फेरीत बंगळुरूकडून हरला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्राने इंडियन पिकलबॉल असोसिएशनला राष्ट्रीय महासंघ म्हणून मान्यता दिली.

आता पुण्या-मुंबईतही गच्च्यांवर, टर्फवर कोर्ट होत आहेत आणि सोसायट्यांच्या बैठकांत आवाजाचा विषय निघू लागला आहे. कोर्ट बांधणाऱ्यांनी सायगावला एक फेरी मारावी, आणि कोर्टवर न जाता शेजारच्या घरात तासभर बसावे.

ऑलिम्पिकमध्ये आहे का?

लॉस एंजेलिस २०२८ मध्ये नाही.

जायचे तर व्हिसा वगैरे?

भारतीयांना ई-व्हिसा लागतो. एका प्रवेशाचा २५ डॉलर. १५ ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंत मिळतो. मुंबईहून हो ची मिन्ह सिटी आणि हनोईला थेट विमाने आहेत. पत्ता शोधताना एक लक्षात घ्या: १ जुलै २०२५ पासून तिथले जिल्हे रद्द झाले आणि हो ची मिन्ह सिटीत शेजारचे दोन प्रांत विलीन झाले. जाहिरातीत मात्र लोक अजूनही 'क्वान ७', म्हणजे जिल्हा क्रमांक ७, असेच लिहितात, आणि टॅक्सीवाल्यालाही तेच कळते.

भाषा येत नाही. कोर्टवर अडचण होईल?

फारशी नाही. बहुतेक संज्ञा इंग्रजीच वापरतात. फक्त गुण मोजणे कानावर बसवून घ्या: शून्य म्हणजे खोंग, मग मोत, हाय, बा, बोन, नाम. दुहेरीत सर्व्हिस करणारा तीन आकडे म्हणतो: आपले गुण, समोरच्यांचे गुण, आणि आपण जोडीतले पहिले की दुसरे. सुरुवातीला पहिल्या जोडीला एकच सर्व्हिस मिळते, म्हणून खेळ नेहमी "खोंग, खोंग, हाय" असा सुरू होतो.

आणखी एक. ओळख होताच ते तुमचे वय विचारतील. राग मानू नका; त्यांच्या बोलण्यात समोरच्याला 'तुम्ही' म्हणण्याऐवजी दादा, ताई, काका, धाकटा असेच म्हणावे लागते, आणि वय कळल्याशिवाय वाक्यच पुढे सरकत नाही. मोठ्या पुरुषाला 'आन्ह', मोठ्या बाईला 'ची', लहानाला 'एम'. चेंडू कुणाच्या अंगाला लागला तर पॅडल वर करून "सिन लोय" म्हणा.